तेविसावा बूट

१

संग्रहालयात तिला सगळे पाटीवाली बाई म्हणत. त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. वस्तूखाली जी पाटी असते ती लिहिणं हेच तिचं काम होतं. मोडकं घड्याळ असो की कोणा बड्या माणसाची काठी, चाळीस शब्दांत ती त्याचा जन्म, संसार आणि मरण उरकून टाकत असे.

फोटोंच्या बाबतीत मात्र तिची एक वेगळी शिस्त होती. पाटीवर 'डावीकडून' असं लिहून नावं टाकायची आणि मोठी प्रत भिंतीवर चढण्याआधी तीनदा मोजायचं. आधी डोकी, मग हात, मग पाय. फार पूर्वी एका फोटोखाली तिने आठ नावं दिली होती आणि माणसं निघाली नऊ. त्या नवव्याच्या नातवाने भर दालनात तिची जी खरडपट्टी काढली, ती तिच्या कायमची लक्षात राहिली. डोकी एकामागे एक लपतात, हात खिशात जातात, पाय मात्र बिचारे असतात तिथेच असतात. म्हणून पाय मोजल्याशिवाय ती पाटी चिकटवत नसे.

या खेपेचं प्रदर्शन त्या भागातल्या फ्रीमेसन मंडळींवर होतं. शंभरावर वर्षं त्यांची लॉज, म्हणजे शाखा, तिथे चालली. गुप्त बैठका, गुप्त खुणा, कमरेला कातडी एप्रन, गवंड्यांची अवजारं ही त्यांची चिन्हं, आणि दाराआड लहानमोठं कोणी नाही, सगळे बंधू, असं त्यांचं ब्रीद. पुढे सभासद आटले, इमारत विकली गेली आणि सामान संग्रहालयात आलं. नक्षीच्या खुर्च्या आल्या, गवंडीकामाचा गुण्या आला, ओळंबा आला, आणि बैठकीच्या दालनाचा जाडजूड लाकडी दरवाजाही आला. संचालकांना तो इतका आवडला की त्यांनी तो चौकटीसकट भिंतीवर ठोकून घेतला. मागे निव्वळ विटा. समोरच्या जमिनीवर लॉजमध्ये होत्या तशाच काळ्यापांढऱ्या चौकटी अंथरल्या.

हे प्रदर्शन पाटीवाल्या बाईंच्या गळ्यात पडलं त्याला कारण होतं. नोकरी लागताना ती सहज बोलून गेली होती की बाबा लॉजमध्ये होते. ते खोटंही नव्हतं. बाबा एकतीस वर्षं लॉजमध्ये होते, म्हणजे लॉजच्या दारात होते. आत बैठक चालू असताना बाहेर तलवार घेऊन बसायचं आणि परक्याला आत सोडायचं नाही, हे त्यांचं काम. पगारी राखणदार. शपथ त्यांनाही दिली होती आणि वहीत त्यांनाही बंधूच म्हटलं होतं. पण बंधुभाव आत बसायचा आणि बाबा बाहेर. संचालकांनी मात्र ऐकलं ते असं, की बाईंचे वडील लॉजचे सभासद. तिने ते दुरुस्त केलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आता त्या मुठीला एका फोटोने हात घातला होता. लॉजच्या पायऱ्यांवर अकरा सभासद खुर्च्यांवर बसलेले, हात गुडघ्यांवर, आणि उजव्या टोकाला, दाराजवळ, तलवार धरून उभे तिचे बाबा. बारावं नाव लिहायचं तर आडनाव तिचं आणि पुढे कंसात हुद्दा. तिने फोटो संगणकाच्या पडद्यावर उघडला. मग तिने फोटोची उजवी कड एक बोटभर आत ओढली. बाबा गेले. पाटीवर तिने लिहिलं, 'डावीकडून अकरा बंधू.' ही फसवणूक नाही, मांडणी आहे, असं तिने स्वतःला सांगितलं.

२

छपाईवाल्याने फोटो आणून दिला तो पुरुषभर उंचीचा. तिने तो टेबलावर आडवा टाकला आणि नेहमीसारखं मोजलं. डोकी अकरा. हात बावीस. पाय तेवीस.

तिने पुन्हा मोजलं. उजव्या कडेला, अकराव्या बंधूच्या बुटांपलीकडे, आणखी एका बुटाचं टोक आलं होतं. अंगठ्याएवढंच होतं, पण बाकीच्या बावीस बुटांपेक्षा ते जास्त चमकत होतं, आणि त्याच्या नाकावर आडवी शिवण होती.

तिने संगणकावरची प्रत उघडली. तिच्यात बावीसच होते.

छपाईवाल्याला तिने फोनवर जरा चढ्या आवाजातच विचारलं. तो वैतागला. म्हणाला, "बाई, तुम्ही पाठवलंत तेच छापलंय. मी कशाला कोणाचे बूट वाढवू? मला काय बुटामागे पैसे मिळतात?"

तेही खरं होतं. तिने मनाची समजूत घातली. छापताना कड मागेपुढे होते, कागद ताणला जातो, घाईत आपणच जुनी प्रत पाठवली असेल. कारणं तीन सापडली, आणि तीन सापडली म्हणूनच एकाही कारणावर तिचा भरवसा बसेना. तिने पट्टी घेतली, पातं घेतलं आणि ती कड स्वतःच्या हाताने छाटली. चिंचोळी पट्टी टोपलीत टाकताना शिवणीचा भाग वर आला, तो तिने चुरगळून खाली दाबला.

३

ती शिवण तिच्या ओळखीची होती. बाबांच्या उजव्या बुटावर ती अजून आहे.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. राहायला बाबा आणि ती, एवढीच माणसं. बाबा आता त्र्याऐंशीचे झाले होते आणि कुठे जात नव्हते, तरी रोज सकाळी ते बूट पुसायचे आणि जोडीने दाराशी ठेवायचे. बसायचेही दाराशीच, ताठ पाठीच्या खुर्चीवर. खोलीच्या मधोमध बसायची सवय त्यांना कधी लागलीच नाही. लहानपणी ती विचारायची, बाबा, आत काय चालतं हो? ते म्हणायचे, मला काय माहीत, मी बाहेर होतो. ती हसायची. मोठी झाल्यावर तिचं हसू आटलं.

त्या संध्याकाळी तिने चहा दिला तेव्हा त्यांनी विचारलं, दरवाजा लावला का? लावला, ती म्हणाली. मग कुठल्या बाजूने लावला ते विचारलं. तिने सांगितलं की लोक आतल्या बाजूला उभे राहणार.

"म्हणजे बाहेर कोणीतरी लागेल," बाबा म्हणाले. ते थट्टा करत होते की नाही ते तिला कळलं नाही.

थोड्या वेळाने त्यांनी कपाकडे बघत विचारलं, "फोटोत मी आहे का गं?"

फोटो अजून आलेले नाहीत, असं ती म्हणाली. आणि उद्घाटन? ते पुढच्या महिन्यात. उद्घाटन शनिवारी होतं.

बाबांनी मान हलवली. तिच्या थापा ते नेहमीच अशा मुकाट घेत, आणि तेच तिला सोसत नसे. ती अकरा वर्षांची होती तेव्हा वर्गातल्या एका मैत्रिणीचा वाढदिवस लॉजच्या बागेत होता, कारण मैत्रिणीचे वडील आत बसणाऱ्यांपैकी. बाबा फाटकाशी उभे होते. तिला बघून ते हसले. मैत्रिणीने विचारलं, हा कोण गं तुझ्याकडे बघून हसतोय? आणि ती म्हणाली, कोणी नाही, शिपाई आहे इथला. बाबांना ते ऐकू गेलं. ते घरी नेहमीसारखे जेवले. पण त्या दिवसापासून बाहेर कुठेही भेट झाली की ते तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत. तिला ओळख द्यावी लागू नये, म्हणून. जनाची नाही तर मनाची तरी, असं म्हणतात. तिची मनाची लाज त्या दिवशी सुरू झाली ती कधी थांबली नाही, पण लाज वाटून ती कधी सुधारलीही नाही.

४

शुक्रवारी दुपारी दालनात ती एकटीच होती. सुतार जेवायला गेले होते. ती गुडघ्यावर बसून काचेच्या पेटीखाली पाटी चिकटवत होती, तेव्हा दरवाजा वाजला.

तीन ठोके पडले. मध्ये सारखं अंतर सोडून, हाताच्या मुठीने ठोकावेत तसे. कोणी आहे का, असं विचारणारे नव्हते. मी आहे, असं सांगणारे होते.

ती "या" म्हणणार होती. शब्द ओठांवर आल्यावर तिला दिसलं की वाजला तो लॉजचा दरवाजा.

ती उठली आणि तिने शहाण्या माणसाने करावं ते सगळं केलं. लाकूड जुनं आहे, इथल्या कोरड्या हवेत ते तडकत असेल. भिंतीतून नळ गेला असेल. ती जिना उतरून इमारतीच्या मागे गेली आणि मान वर करून बघितलं. त्या भिंतीला नळ नव्हता, खिडकी नव्हती, उभं राहायला बोटभर कडही नव्हती. दोन मजल्यांची सपाट भिंत आणि पुढे हवा.

वर आल्यावर तिने फोटोकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. चोराच्या मनात चांदणं, तिने बघितलंच. भिंतीवर चढवलेल्या फोटोत आता चोवीस बूट होते. पूर्ण जोड. वर पँटची धारदार इस्त्री, आणि बुटांशेजारी जमिनीला टेकलेलं काहीतरी टोकदार.

जेवून आलेल्या सुताराला तिने फोटोभोवती रुंद लाकडी पट्टी मारायला सांगितली. उजवीकडे जरा जास्तच रुंद. सुतार म्हणाला, बाई, एका बाजूला जाड आणि एका बाजूला बारीक, वाईट दिसेल. दिसू दे, ती म्हणाली. तो खिळे ठोकत होता तेव्हा प्रत्येक घावाला तिचे खांदे आक्रसत होते. ठोकणं संपेपर्यंत ती तिथेच उभी राहिली, आणि एकदा तिला वाटलं की हातोडी थांबल्यावरही एक घाव जास्त पडला.

५

शनिवारी सकाळी ती निघाली तेव्हा बाबा बूट पुसत होते. आज उशीर होईल, एवढंच ती म्हणाली. बाबांनी तिच्या नव्या कपड्यांकडे बघितलं आणि पुन्हा ब्रश हातात घेतला.

अकराच्या सुमाराला दालन भरलं. पाहुण्यांत एक म्हातारे वकील होते. लॉजच्या सभासदांपैकी हयात असलेले ते शेवटचे. काठी टेकत ते प्रत्येक वस्तूपाशी थांबले आणि फोटोपाशी आल्यावर पुढे सरकेनात.

"या टोकाला आमचा राखणदार असायचा," ते म्हणाले. "दर वर्षी असायचा. इथे का नाही?"

फोटोची ती बाजू खराब झाली होती, असं तिने सांगितलं. तिचा आवाज इतका सरळ आला की तिचं तिलाच नवल वाटलं.

वकील म्हणाले, "चांगला माणूस. मी अठ्ठावीस वर्षं त्याच्यासमोरून आत गेलो. तो उठून उभा राहायचा. त्याचं नाव काही मला आठवत नाही." हे सांगताना ते स्वतःही जरा ओशाळले.

तेवढ्यात संचालक मोठ्या उत्साहाने मध्ये आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगितलं की आमच्या बाईंचे वडीलही लॉजचे बंधू होते बरं का. मंडळी कौतुकाने वळली. वकिलांनी चष्मा नीट करून तिच्याकडे बघितलं. असं? या अकरांतले कोणते?

तिचं बोट वर गेलं. कोणाकडे दाखवणार होती ते तिलाही माहीत नव्हतं. आणि त्याच वेळी गर्दीतून वाट काढत फाटकावरचा पहारेकरी आला. तो बिचारा हळू बोलायचा प्रयत्न करत होता, पण दालनातले सगळे गप्प होते.

"बाई, खाली एक आजोबा आलेत. तुमचे वडील आहेत म्हणतात. यादीत नाव नाही. सोडू का?"

त्या क्षणी खरं सांगायला दोनच शब्द पुरले असते. ते तिच्या तोंडात होते, तिला त्यांची चव लागत होती. संचालक बघत होते. वकील बघत होते.

"काहीतरी चूक झाली असेल," ती म्हणाली. "त्यांना बाहेर बसायला सांगा."

पहारेकरी गेला. कोणीतरी घसा साफ केला. आणि दरवाजा वाजला. तीन ठोके, सारख्या अंतराने.

मंडळी दचकली आणि मग हसली. वा, आवाजाचीही सोय केली आहे का? संचालकांनी तिच्याकडे बघून मान डोलावली, जणू ही कल्पना आधीपासून त्यांचीच. फक्त वकील हसले नाहीत. ठोका ऐकल्याबरोबर ते काठी सोडून ताठ उभे राहिले होते.

"हा बाहेरचा ठोका," ते म्हणाले. "याला आतून कोणीतरी उत्तर द्यायचं असतं. नाहीतर राखणदार बसून राहतो. आतून सांगितल्याशिवाय तो जागा सोडत नाही."

दरवाजा तिच्यापासून दोन हातांवर होता. मूठ उचलून तीनदा ठोकायचं, एवढंच करायचं होतं. पण तिने तसं केलं असतं तर सगळ्यांनी विचारलं असतं, बाई, हे तुम्हाला कोणी शिकवलं? ती हात बांधून उभी राहिली. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, तरी तिचा चेहरा हसत होता.

६

गर्दी पांगल्यावर ती जवळजवळ धावतच फाटकाशी गेली. पहारेकऱ्याने रिकामी खुर्ची दाखवली. म्हणाला, इथेच बसवलं होतं. तुमचा निरोप सांगितला तर म्हणाले, बरोबर आहे, माझी जागा बाहेरच. मघाशी बघतो तर नव्हते. मग त्याने जरा थांबून सांगितलं की त्या आजोबांचे बूट काय चमकत होते.

संध्याकाळी सहाला ती घराचा जिना चढली. वाटेत तिने सगळं ठरवून ठेवलं होतं. पाय धरायचे. सोमवारी संचालकांना सांगायचं, पट्टी काढायची, बारावं नाव लिहायचं. हुद्द्यासकट लिहायचं.

तिसऱ्या मजल्यावर घराचं दार बंद होतं आणि दाराबाहेर, ताठ पाठीच्या खुर्चीवर, बाबा बसले होते. पायांत बूट, हातात मिटलेली छत्री, टोक जमिनीला टेकवलेलं.

समोरच्या काकू दार किलकिलं करून उभ्याच होत्या. त्यांनी तिला बाजूला घेतलं. सकाळी तू गेलीस आणि हे खुर्ची घेऊन बाहेर आले, त्या कुजबुजल्या, ते आत्तापर्यंत. मी दिवसभर इथेच होते, एकदाही जागचे हलले नाहीत. जेवायला बोलावलं तर म्हणाले, आत बैठक चालू आहे.

फाटकावर कोण आलं होतं, हा प्रश्न तिच्या मनात उभा राहिला आणि ती त्याच्याकडे पाठ करून पुढे गेली.

"बाबा," ती म्हणाली, "चला आत."

बाबा उठून उभे राहिले. कोणीही आलं की ते उठत. त्यांनी तिच्याकडे बघितलं, डोक्यावरून नाही, सरळ चेहऱ्याकडे. त्या नजरेत राग नव्हता. ओळखही नव्हती.

"आपण कोण?"

"मी. तुमची मुलगी."

त्यांनी खरोखर विचार केला. मग अगदी अदबीने म्हणाले, "काहीतरी चूक झाली असेल. आपण बाहेर बसा." आणि तिला बसायला त्यांनी आपली खुर्ची पुढे केली.

ते शब्द तिचे होते. त्याच क्रमाने, त्याच आवाजात. तिला शरमेने वर बघवेना, म्हणून ती खालीच बघत राहिली, त्यांच्या उजव्या बुटावरच्या शिवणीकडे. म्हणून पुढचं तिला दिसलं ते जमिनीलगत, तेवढंच.

बाबा दाराकडे वळले. तीन ठोके पडले.

घराची किल्ली तिच्या मुठीत होती. आत कोणी नव्हतं, असायला कोणी नव्हतंच. तरी आतून उत्तर आलं. तीन ठोके, सारख्या अंतराने.

दार वीतभर उघडलं. त्यांच्या घराची फरशी करडी होती. फटीतून दिसली ती काळ्यापांढऱ्या चौकटींची, आणि तिच्यावर एका रांगेत बूट. बसलेल्या माणसांचे, जोडीजोडीने, टोकं दाराकडे. ती मोजायला लागली, सवयच ती. बाविसापर्यंत पोचली आणि दिसलं की रांगेच्या उजव्या टोकाला एका जोडीपुरती जागा मोकळी आहे. मग ते सगळे बूट एकदम हलले. बाबांसाठी आतले सगळे उठून उभे राहिले.

बाबांनी छत्री भिंतीला टेकवली, सदरा सारखा केल्याची सळसळ झाली, आणि एकतीस वर्षांच्या राखणीनंतर पहिल्यांदा ते आत गेले. दार बंद झालं. कडी लागल्याचा आवाज आला.

तिने किल्ली लावली. ती फिरली, पण दार उघडलं नाही. तिने मुठीने ठोकलं, त्यांनी ठोकलं तसंच, तीनदा. थांबून पुन्हा तीनदा. आतून उत्तर आलं नाही. मग ती खुर्चीवर बसली.

काकू चहा करायला आत गेल्या होत्या, त्या कप घेऊन आल्या. त्यांनी रिकाम्या जिन्याकडे बघितलं, बंद दाराकडे बघितलं. मघाशी इथे बसले होते ते कुठे गेले, त्यांनी विचारलं.

"ते माझे बाबा," ती म्हणाली. एवढं तिने कोणाला आपणहून कधी सांगितलं नव्हतं. "लॉजचे राखणदार होते. एकतीस वर्षं. आत गेलेत."

"अगं, ते मला काय सांगतेस, माहीत आहे मला," काकू म्हणाल्या. "पण मग तू का बाहेर बसलीस?"

"मीच त्यांना बाहेर बसवलं होतं, काकू."

काकूंना यातलं काही कळलं नाही. त्यांनी कप तिच्या हातात दिला आणि आपलं दार लोटून घेतलं. जिन्यात कोणाचीतरी पावलं वाजली, तशी ती खुर्चीवरून उठून उभी राहिली.